कोऱ्या रेघांचे राष्ट्रगीत

१९०८ सालची गोष्ट आहे. सिडनीहून निघणाऱ्या 'बुलेटिन' नावाच्या साप्ताहिकाने आपल्या वाचकांसाठी राष्ट्रगीताची स्पर्धा लावली होती. सहा वसाहती एकत्र येऊन १ जानेवारी १९०१ रोजी ऑस्ट्रेलिया हे एक राष्ट्र झालं, त्याला तेव्हा जेमतेम सात-आठ वर्षं झालेली. राष्ट्र झालं खरं, पण समारंभात उभं राहून गायचं ते इंग्लंडच्या राजाचंच गीत. आपलं म्हणून एखादं गाणं हवं, असं कुणाला वाटलं तर नवल नाही. (सरकारी शिक्क्याचं स्वतःचं राष्ट्रगीत त्या देशाला मिळायला पुढे १९८४ साल उजाडावं लागलं, ही गोष्ट वेगळी.)

अशा स्पर्धांना एरवी कसल्या कविता येतात, हे वाचकहो, तुम्हाला ठाऊक आहेच. उगवता सूर्य, फडकता झेंडा, आणि 'उठा, उठा' तर हमखास. याही स्पर्धेत 'उठा' म्हणणारं एक गीत आलं. पण त्या कवीने हाक मारली होती ती रस्त्यावरच्या टग्यांना, तीही रस्त्यावरच्याच भाषेत. बूट चढवा, अंगं हलवा, असा तो पुकारा. आणि गंमत अशी की, ओळीओळीत नामांच्या आधी एकेक कोरी रेघ मारून ठेवलेली. तिथे एक विशेषण घालायचं, आणि ते वाचकाने आपलं आपण घालायचं. कोणतं, ते सांगण्याची गरज नव्हती. ऑस्ट्रेलियातल्या शेंबड्या पोरालाही ते माहीत होतं. तो शब्द मी इथे लिहीत नाही. 'बुलेटिन'नेही छापला नाही.

या कवीचं नाव सी. जे. डेनिस, वय ३२. परीक्षकांनी त्याला विशेष बक्षीस दिलं. रेघेची ही युक्ती मात्र सर्वस्वी त्याची नव्हती, आणि त्याने ते ऋण पुढे मोकळेपणाने मान्यही केलं. १८९७ मध्ये डब्ल्यू. टी. गुज नावाच्या एका पत्रकाराने त्याच साप्ताहिकात हाच खेळ केला होता. हा गुज मूळचा लंडनचा. जहाजावर नोकर म्हणून आला आणि ऑस्ट्रेलियाच्या किनाऱ्यावर उतरून तिकडचाच झाला. त्याच्या कवितेतला गुराखी आपल्या घोड्याशी बोलतो, आणि श्वासागणिक तोच एक शब्द वापरतो. गुजने शब्दाच्या जागी रेघ मारली, पण कडव्याच्या शेवटी यमक असं जुळवलं की, रेघ असूनही शब्द कानात वाजावा. सभ्यपणा पाळायचाही आणि मोडायचाही, अशी ही दुहेरी चाल. तेव्हापासून त्या शब्दाला 'थोर ऑस्ट्रेलियन विशेषण' असं नावच पडून गेलं.

आता तुम्ही म्हणाल, एका शिवीसाठी एवढा इतिहास कशाला? तर त्या काळच्या ऑस्ट्रेलियात कविता म्हणजे शाळेत शिकवतात ती, आणि ती यायची इंग्लंडहून. तिच्यात वसंत येई तो एप्रिल महिन्यात. ऑस्ट्रेलियातल्या मुलाने खिडकीबाहेर पाहावं तर एप्रिलमध्ये शरद ऋतू सुरू झालेला. तिच्यातली झाडं, पक्षी, फुलं, सगळंच परकं. आणि बोली तर नाहीच नाही. आपण घरात, गोठ्यात, गुत्त्यात जे बोलतो ते छापण्याच्या लायकीचंही असतं, हे त्या लोकांना पटवलं ते विद्यापीठांनी नव्हे. ते काम केलं साप्ताहिकांतल्या विनोदी पद्यांनी.

'बुलेटिन'चा पहिला अंक निघाला ३१ जानेवारी १८८० रोजी. काढणारे दोघे तरुण पत्रकार, जे. एफ. आर्चिबॉल्ड आणि जॉन हेन्स. योगायोग पाहा, त्याच वर्षी न्यू साऊथ वेल्समध्ये सक्तीच्या शिक्षणाचा कायदा झाला. म्हणजे इकडे वाचणारी पिढी घडायला लागली आणि तिकडे तिला वाचायला पत्र निघालं. दोन वर्षांत दोघेही संपादक तुरुंगात! अब्रुनुकसानीच्या एका दाव्यात खर्चाची रक्कम भरता आली नाही म्हणून १८८२ मध्ये त्यांना डार्लिंगहर्स्टच्या तुरुंगात जावं लागलं. पत्राचा खप वाढायला असली जाहिरात दुसरी नाही. पुढे त्या गुलाबी मुखपृष्ठाच्या पत्राला 'रानातल्या माणसाचं बायबल' असं लोक म्हणू लागले.

'रान' हा शब्द मी नाइलाजाने वापरतो आहे. त्यांचा शब्द 'बुश'. त्यात झाडी आली, माळ आला, वाळवंट आलं, मेंढ्यांची कुरणं आली. थोडक्यात, शहर नाही ते सगळं. या मुलखात माणसं कामासाठी भटकत. लोकर कातरणारे एका छावणीहून दुसऱ्या छावणीवर जात, गुरांचे तांडे हाकणारे शेकडो मैल चालत, आणि ज्यांना काम नसे ते पाठीवर वळकटी टाकून ते शोधत फिरत. संध्याकाळी शेकोटीपाशी एकाने अंक उघडायचा आणि बाकीच्यांनी ऐकायचं. त्यामुळे तिथली कविता डोळ्यांपेक्षा कानांसाठी लिहिलेली. घोड्याच्या टापांसारखा ठेका, पक्कं यमक, सरळ गोष्ट. आपल्या पोवाड्याप्रमाणे ती एकदा ऐकली की अर्धी पाठ व्हावी. या घाटाच्या मागे इंग्रज-स्कॉटिश लोकगीतं होती आणि किपलिंगही होता. हा किपलिंग १८६५ साली आपल्या मुंबईत जन्मला, आणि कारकून, साहेब नि शिपाई यांच्यावरची त्याची पद्यं आधी लाहोरच्या वर्तमानपत्रातून गाजली. शिपायाच्या बोलीत कविता लिहिता येते, हे त्याने इंग्रजी वाचणाऱ्या साऱ्या जगाला दाखवलं. मात्र ऑस्ट्रेलियातले लोक त्याची नक्कल करून थांबले नाहीत. किपलिंग शिपायाची बोली ऐकून लिही. इथे शिपाईच लिहायला बसले.

कारण 'बुलेटिन'ची मोठी युक्ती हीच. मजकूर वाचकांनीच पाठवायचा. छापला तर मोबदला मिळणार. कातरणारे, खाणकामगार, शाळामास्तर, बँकेतले कारकून, सगळे लिहू लागले, बहुतेक टोपणनावाने. ए. बी. पॅटरसन या वकिलाने शर्यतीच्या एका घोड्याचं नाव घेतलं, 'बँजो'. आणि परत आलेल्या कवितांचं काय? त्यासाठी 'पत्रलेखकांस उत्तरे' असं एक सदर असे. कवितेची वासलात दोन ओळींत, आणि तीही सगळ्या देशासमोर. ते सदर लोक करमणूक म्हणून वाचत. ज्याची कविता असे त्याला काय वाटत असेल, ते तोच जाणे! १८९६ पासून मुखपृष्ठाच्या आतल्या बाजूला 'लाल पान' निघू लागलं. ते पुस्तकांचं पान. त्याचा संपादक ए. जी. स्टीफन्स. दहा वर्षं तो तिथे बसला, आणि त्या दहा वर्षांत ऑस्ट्रेलियात कवी कुणाला म्हणायचं हे बरंचसं त्याने ठरवलं. जॉन शॉ नीलसन नावाचा एक मजूर होता. रस्त्यावर खडी फोडायची, बागांतून फळं तोडायची. शिक्षण दोन-अडीच वर्षांचं, आणि डोळे इतके अधू की स्वतःच्या ओळी बरोबरच्या कुणाकडून तरी लिहून घ्याव्या लागत. त्याच्या कोवळ्या भावकविता स्टीफन्सने आपल्या 'बुकफेलो' मासिकात छापल्या, सुधारल्या, जपल्या. विनोदी पद्यांच्या बाजारात हे एक वेगळंच माणूस त्याने सांभाळलं, एवढं इथे नोंदवून पुढे जातो.

या लिहित्या माणसांच्या पोटापाण्याची एक कथा सांगण्यासारखी आहे. १८९२ मध्ये 'बुलेटिन'मध्ये दोन कवींचं भांडण जुंपलं. हेन्री लॉसन म्हणाला, रान म्हणजे धूळ, माश्या, कर्ज आणि वेडाचा झटका. त्याचे गोडवे गाणाऱ्यांनी तिथे एकदा राहून पाहावं. पॅटरसन म्हणाला, तुला शहराची गल्ली मानवते, तर तिथेच राहा की! आठवड्यामागून आठवडे पद्यातून उत्तर-प्रत्युत्तर चाललं. दुसरे कवीही त्यात उतरले. पुढे १९३९ मध्ये, लॉसनला जाऊन सतरा वर्षं झाल्यावर, म्हाताऱ्या पॅटरसनने खरी हकीकत सांगितली. ही कल्पना लॉसनचीच होती. मोबदला मिळे तो छापलेल्या जागेच्या मापाने. तेव्हा आपण एकमेकांवर लिहू, जागा भरेल आणि चार पैसे मिळतील! आणि भांडण थांबलं ते तडजोड झाली म्हणून नव्हे, तर दोघांजवळचा मजकूर संपला म्हणून.

मला मात्र ही गोष्ट निव्वळ गमतीची वाटत नाही. पॅटरसन वकील होता. त्याला जागेच्या मापाची तितकी फिकीर नव्हती. लॉसनला होती. लहानपणापासून कानाने जवळजवळ बहिरा, हाताला रंगाऱ्याचं काम, तेही मिळेल तेव्हा. आई लुईझा लॉसन मोठ्या जिद्दीची. १८८८ मध्ये तिने 'डॉन', म्हणजे 'पहाट', नावाचं बायकांचं मासिक काढलं आणि ते छापायलाही बायकाच ठेवल्या. पुरुष छपाईकामगारांच्या संघाचा विरोध पत्करून तिने ते १९०५ पर्यंत चालवलं. पण मुलाला पोसण्याइतकं त्यातून काही निघत नसे. भांडणाच्याच वर्षी आर्चिबॉल्डने लॉसनच्या हातात पाच पौंड आणि बर्क या दूरच्या गावाचं रेल्वेचं तिकीट ठेवलं. जा, रान बघून ये. दुष्काळाचे दिवस, ऐन उन्हाळा. बर्कपासून हंगरफर्डपर्यंत दोनशेहून अधिक किलोमीटर तो पाठीवर वळकटी टाकून चालत गेला आणि चालत परत आला. त्या पायपिटीनंतर त्याच्या विनोदात एक कोरडेपणा आला तो कायमचा. पॅटरसनचं वाचून माणूस खुलतो. लॉसनचं वाचून हसतो आणि मग जरा गप्प होतो.

इथवरचं सगळं रानाचं झालं. नवं शतक उजाडलं तेव्हा गंमत अशी होती की, या रानाच्या कविता वाचणारे बरेचसे लोक सिडनीत आणि मेलबर्नमध्ये ट्रामने हिंडत होते. शहराची बोली अजून कवितेत यायची होती. ती आणली आपल्या कोऱ्या रेघांच्या कवीने.

डेनिस दक्षिण ऑस्ट्रेलियातला, आयरिश आईबापांचा मुलगा. बापाचा व्यवसाय हॉटेल चालवण्याचा. १९०६ मध्ये ॲडलेडला त्याने 'गॅडफ्लाय', म्हणजे गोमाशी, नावाचं विनोदी साप्ताहिक काढलं. चावणाऱ्या पत्रांचं आयुष्य बहुधा थोडं असतं. हेही काही वर्षांत बंद पडलं. १९०८ मध्ये डेनिस मेलबर्नजवळच्या डोंगरात, टूलांगीच्या जंगलात, जाऊन राहिला. आधी तंबूत, मग लाकूडतोड्याच्या एका पडक्या झोपडीत. आणि त्या जंगलात बसून त्याने लिहिलं कशावर? मेलबर्नच्या गल्ल्यांतल्या 'लॅरिकिन'वर!

लॅरिकिन म्हणजे काय ते सांगायला हवं. टोळीने फिरणारा, कोपऱ्यावर उभा राहणारा, पोलिसाशी मारामारी करणारा, येणाऱ्या-जाणाऱ्यांची टोपी उडवणारा शहरी उनाड. वर्तमानपत्रं त्याला गुंड म्हणत, आणि तो पुष्कळदा गुंड असेही. १९०९ पासून 'बुलेटिन'मध्ये डेनिसची पद्यं येऊ लागली, त्यांत असा एक बिल नावाचा लॅरिकिन स्वतःच्या तोंडाने बोलतो. तुरुंगाची हवा खाऊन आलेला हा गडी. त्याला बाजारात एक मुलगी दिसते. तिचं नाव डोरीन; लोणच्याच्या कारखान्यात बाटल्यांना लेबलं चिकटवते. बिलची बोबडी वळते. पुढे काय होतं? काहीच नाही. म्हणजे जे कुणाच्याही घरी होतं तेच होतं. मत्सर, भांडण, भावी सासूसमोर आवळलेल्या गळपट्ट्यात बसणं, लग्न, एकदा दारू पिऊन घरी येणं आणि बायकोने न रागावता गरम रस्सा करून देणं, मग शेत, मग मुलगा. चौदा कवितांत संपणारा हा संसार.

यातली नाटकाची कविता मला सगळ्यांत आवडते. बिल डोरीनला घेऊन 'रोमिओ अँड ज्युलिएट' बघायला जातो. शेक्सपिअर म्हणजे साहेबी संस्कृतीचं देऊळच. बिल काही बुजत नाही. दोन घराण्यांचं वैर त्याला लगेच समजतं. दोन गल्ल्यांच्या टोळ्यांचं भांडण त्याने काय थोडं पाहिलं आहे? सुरे उपसले जातात तेव्हा त्याच्या मनात येतं की, हेच आपल्या गल्लीत झालं तर पोलीस पकडून नेतात, आणि इथे दिवे लावून तिकीट काढून बघतात. हसता हसता डेनिसने फार मोठी गोष्ट केली. त्याने शेक्सपिअरची टिंगल केली नाही, आणि बिलचीही केली नाही. दोघांना एका बाकावर बसवलं.

१९१५ च्या ऑक्टोबरात 'भावड्या गड्याची गाणी' म्हणावं असं हे पुस्तक सिडनीच्या अँगस अँड रॉबर्टसनने काढलं. हॅल गाय या चित्रकाराने बिलला पंख लावून, मदनाच्या नागड्या बाळाच्या रूपात काढलं होतं. शेवटी शब्दकोशही जोडला होता, सभ्य लोकांसाठी म्हणून! दीड वर्षात साठ हजारांहून अधिक प्रती खपल्या. तेव्हा त्या देशाची वस्ती सारी पन्नास लाखांच्या आसपास, म्हणजे आपल्याकडच्या एखाद्या मोठ्या शहरापेक्षाही कमी. आणि हे कवितेचं पुस्तक.

काळ कसला होता तेही ध्यानात घ्या. त्याच वर्षी एप्रिलमध्ये ऑस्ट्रेलियन सैन्य गॅलिपोलीच्या कड्यांखाली उतरलं होतं. राष्ट्रगीताच्या त्या कोऱ्या रेघांची नवी आवृत्ती डेनिसने सैनिकांना अर्पण केली, आणि वर मानभावीपणाने एक टीप घातली की, रेघेच्या जागी एखादा सौम्य शब्द घालावा, नाहीतर सुचेल तो. पुढच्या वर्षी त्याने बिलच्या दोस्ताचं, जिंजर मिकचं, पुस्तक लिहिलं. मासळी आणि ससे विकणारा हा मिक युद्धावर जातो आणि गॅलिपोलीवरून परत येत नाही. ही पुस्तकं खिशात मावतील अशा छोट्या आकारात खंदकांसाठी मुद्दाम काढली गेली. सैनिक नुसते वाचत नव्हते. गॅलिपोलीच्या खंदकांत बसून त्यांनी स्वतः लिहिलेली पद्यं आणि चित्रं सी. ई. डब्ल्यू. बीन यांनी गोळा केली. १९१६ मध्ये निघालेल्या त्या 'अँझॅक बुक'च्या लाखावर प्रती गेल्या. आणि १९१८ च्या जानेवारीत फ्रान्समध्ये, आघाडीवरच, 'ऑसी' नावाचं सैनिकांचं मासिक छापलं जाऊ लागलं. चिखल, उवा, वरिष्ठ अधिकारी आणि बिस्किटं हे त्यातल्या काव्याचे मुख्य विषय. मरणावर थेट लिहिणं त्यांना रुचत नसे. बिस्किटावर लिहिलं की कळायचं ते कळे.

डेनिसवर एक आक्षेप घेतला जातो, तो मला पटतो. त्याचा बिल खऱ्या लॅरिकिनपेक्षा फार गोड आहे. खऱ्या टोळ्यांच्या मारहाणीत माणसं मेली होती, बायकांची विटंबना झाली होती. डेनिसने ते पाखडून काढलं आणि उरलेल्यावर साखर पेरली. पण बोली मात्र त्याने छापून दाखवली, तोतरी, चुकीच्या स्पेलिंगची, गिळलेल्या अक्षरांची. १९१९ मध्ये रेमंड लाँगफर्डने त्यावर मूकपट काढला तेव्हा पडद्यावरच्या पाट्या डेनिसच्याच ओळींच्या होत्या.

याच सुमाराला एका आयरिश कॅथलिक पाद्र्याने सगळ्या शेतकऱ्यांचं चित्र एका कवितेत काढून ठेवलं. नाव पॅट्रिक हार्टिगन, गाव नॅरँडेरा, टोपणनाव 'जॉन ओब्रायन'. १९१९ मध्ये 'कॅथलिक प्रेस'मध्ये आलेली ही कविता. रविवारची प्रार्थना सुरू व्हायची आहे, आणि शेतकरी चर्चबाहेर उकिडवे बसले आहेत. पाऊस नाही. हॅनरॅहन नावाचा एकजण म्हणतो, पाऊस आला नाही तर आपण बुडालो. पाऊस येतो, पडतच राहतो. हॅनरॅहन म्हणतो, थांबला नाही तर बुडालो. पाऊस थांबतो, गवत गुडघाभर वाढतं, सगळे खुशीत. हॅनरॅहन म्हणतो, एवढ्या गवताला वणवा लागला तर बुडालोच की! आपल्याकडच्या पारावर हे गृहस्थ कुणी पाहिले नाहीत? त्या देशात आजही रडगाणं गाणाऱ्याला हॅनरॅहन म्हणतात.

'भावड्या गड्या'ची प्रस्तावना लिहिली होती हेन्री लॉसनने. त्या वेळी लॉसनची दशा फार वाईट होती. दारू, मोडलेला संसार, आणि १९०५ ते १९१० या काळात बायकोमुलांची पोटगी थकल्याबद्दल पुनःपुन्हा कैद. तुरुंग तोच, डार्लिंगहर्स्टचा, जिथे आर्चिबॉल्डने दिवस काढले होते. तिथल्या आपल्या कैदी-क्रमांकावर लॉसनने कविता लिहिली. तिच्यात विनोद औषधालाही नाही. ज्याला अशी परिस्थिती, त्याने एका तरुण कवीच्या तुफान खपणाऱ्या पुस्तकाला मोकळ्या मनाने चार शब्द लिहून द्यावेत, याचं मला अप्रूप वाटतं. १९२२ मध्ये तो गेला. सरकारी इतमामाने अंत्ययात्रा निघाली; लेखकाला हा मान तिथे पूर्वी मिळाला नव्हता. १९६६ साली डॉलरच्या नोटा आल्या, तेव्हा दहाच्या पहिल्या नोटेवर त्याचंच चित्र होतं. जागेच्या मापाने पैसे मोजून घेणारा माणूस!

डेनिसचं बरं चाललं. १९२२ पासून तो मेलबर्नच्या 'हेरल्ड' दैनिकाचा पगारी कवी झाला आणि १९३८ मध्ये मरेपर्यंत तीन हजारांवर पद्यं त्याने त्या पत्रासाठी लिहिली. रोजच्या रतीबाचं दूध. त्यात पाणी असणारच. सिडनीत १९१९ मध्ये निघालेल्या 'स्मिथ्स वीकली'ने ही परंपरा पुढे नेली. केनेथ स्लेसर हा त्यांचा गंभीर, अवघड कवी, तोही तिथे नोकरीत असताना शहरातल्या मुलींवर आणि भाड्याच्या खोल्यांवर फार नखरेल पद्यं लिहून गेला. १९५० मध्ये ते पत्र बंद झालं.

आता या हसण्याची दुसरी बाजू. ती सांगितल्याशिवाय मला पुढे जाता येत नाही, कारण ती आपल्यापर्यंत येऊन पोचते.

ज्या १९०८ साली डेनिसचं गीत छापलं गेलं, त्याच वर्षी 'बुलेटिन'ने आपल्या नावाखालचं ब्रीद बदललं. आधी होतं, ऑस्ट्रेलिया ऑस्ट्रेलियनांसाठी. आता झालं, ऑस्ट्रेलिया गोऱ्या माणसासाठी. ते पुढे अर्धशतकभर तिथे राहिलं. १९६० नंतर, डोनाल्ड हॉर्न संपादक झाल्यावर उतरलं. पत्र स्वतः २००८ च्या जानेवारीत बंद पडलं. त्या पत्रातल्या पद्यांत आणि चित्रांत चिनी माणूस हा हुकमी विदूषक असे, किंवा राक्षस. मूळचे आदिवासी, ज्यांची ती भूमी, तेही चेष्टेचा विषय. आणि पाठीवर किंवा गाडीत कापड, सुया, मसाले घेऊन शेतावर-शेतावर हिंडणारा आपल्याकडचा फेरीवाला होताच. हे फेरीवाले बहुतेक पंजाबचे, शीख किंवा मुसलमान. पण तिकडे सगळ्यांना सरसकट 'हिंदू' म्हणत. त्याचं तोडकंमोडकं इंग्रजी हा विनोद. लॉसन आणि पॅटरसन दोघेही या बाबतीत आपल्या काळाच्या पुढे नव्हते.

आणि इथे एक गोष्ट मला राहून राहून बोचते. १९०१ मध्ये राष्ट्र झाल्याबरोबर जे पहिले कायदे झाले, त्यांत परकीयांना अडवण्याचा एक कायदा होता. त्यात रंगाचा उल्लेख नव्हता. तो होता शुद्धलेखनाचा! बंदरावर उतरणाऱ्याला अधिकाऱ्याने एखाद्या युरोपीय भाषेतला पन्नास शब्दांचा उतारा घालायचा. इंग्रजी येत असेल तर दुसरी कुठलीही भाषा निवडायची मुभा अधिकाऱ्याला. लिहिता आलं नाही की परत जा. १९०९ नंतर या परीक्षेत कोणी उत्तीर्ण झाल्याची नोंद नाही; ती रद्द झाली १९५८ मध्ये. म्हणजे जो देश बिलच्या अशुद्ध स्पेलिंगवर जीव टाकत होता, त्याच्या दारावर शुद्धलेखनाची परीक्षा बसली होती. बिलला ती देता आली असती का? पण बिलला विचारलंच नसतं.

या फेरीवाल्यांच्या आणि वाळवंटातून मालाचे तांडे नेणाऱ्या उंटवाल्यांच्या शेकोटीपाशी संध्याकाळी काहीच म्हटलं जात नसे, असं का तुम्हाला वाटतं? न्यू साऊथ वेल्सच्या पश्चिम टोकाला ब्रोकन हिल नावाचं खाणींचं गाव आहे. तिथे उंटवाल्यांनी बांधलेली पत्र्याची एक लहानशी मशीद आहे. तिच्यात एक जाडजूड जुनं पुस्तक वर्षानुवर्षं कुराण म्हणून जपून ठेवलेलं होतं. सामिया खातून या इतिहास-अभ्यासक बाईंनी ते उघडून पाहिलं, आणि २०१८ च्या आपल्या ग्रंथात त्याची हकीकत लिहिली. ते कुराण नव्हतं. 'कासासोल आंबिया', म्हणजे पैगंबरांच्या कथा, कलकत्त्याला छापलेलं पाचशे पानांचं बंगाली पद्य. हा पोथीचा प्रकार. एकट्याने मनात वाचायचा नाही, चारचौघांत बसून मोठ्याने, चालीवर म्हणायचा.